एकमताने जीर्णोद्धार

आमच्या घराच्या आणि अक्काच्या खोलीच्या मध्ये एक ओढा आहे. त्या ओढ्यावर लाकडी पूल होता. होता, असंच लिहावं लागतं. जागेवर जी पाटी आहे तिच्यावर अजून 'ऐतिहासिक लाकडी पूल' असं कोरलेलं आहे, पण पाटी वाचून कोणी तिथे लाकूड शोधायला जाऊ नये. पाटीचा खांबसुद्धा लोखंडी आहे.

पूल कापडाच्या मिलनं बांधलेला. ओढ्याच्या पलीकडे कामगारांची चाळ आणि अलीकडे मिल. भोंगा झाला की माणसं पुलावरून पाळीला यायची. दोन्ही काठांना दगडी बांधकाम, मध्ये सागाचे खांब, त्यांवर सागाच्या तुळया, आणि वर चालायला फळ्या. मिल बंद पडली, जागेवर प्लॉट पडले, त्यातल्या एका प्लॉटवर मी घर बांधलं. माझे मेहुणे त्या मिलमध्येच होते. ते गेल्यावर अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, चाळीतल्या त्याच खोलीत एकटी राहिली. तिचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो दर सुट्टीत तिला न्यायला यायचा आणि दर सुट्टीत एकटाच परत जायचा. अक्काचं त्याला ठरलेलं उत्तर होतं.

"पूल हाय तवर मी हितंच. पूल गेला की ये, पिशवी भरून बसते."

त्या म्हणण्यात हट्ट कमी आणि हिशेब जास्त होता. अक्काचे गुडघे गेलेले आहेत. पूल सपाट होता, चढ नाही, पायरी नाही. संध्याकाळी ती कठड्याला हात लावत लावत आमच्याकडे जेवायला यायची, वाटीभर शेंगाचटणी पदराखाली घेऊन, आणि जेवून परत जायची. पूल नसेल तर मोठ्या रस्त्यानं वळसा घालून रेल्वे फाटकावरून यावं लागतं. ते तिला चालत होणारं नाही, आणि रोज कोणाच्या तरी गाडीवर बसून भावाकडे जेवायला येणारी ती बाई नाही. म्हणजे पुलाचं काय करायचं ते ठरलं की अक्कानं सोलापुरात राहायचं की नाही, ते ठरणार होतं. इतरांसाठी विषय पुलाचा होता, आमच्या घरात तो अक्काचा होता.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात माल तपासणीला आहे. टॉवेल म्हणजे लांबी, रुंदी आणि वजन, बाकी सगळा रंग. त्यामुळे कोणी आकडा बोललं की तो कुठून आला हे विचारायची मला सवय आहे. या सवयीमुळे मला सभांना बोलावत नाहीत, पण पूल पाडायचा की ठेवायचा ते ठरवायची महापालिकेची सभा प्रभागातल्या शाळेत होती आणि सगळ्यांना खुली होती.

सभेत पहिले उठले ते वारसा जपणारे प्राध्यापक. निवृत्त आहेत, राहतात शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि पूल त्यांनी चालून ओलांडलेला कोणी पाहिलेला नाही. ते गाडीनं यायचे, ऊन उतरलं की पुलाचे फोटो काढायचे आणि जायचे. ते म्हणाले, "हा शंभर वर्षांचा ठेवा आहे." त्यांच्यानंतर जो बोलला त्यानं दीडशे केले. तिसऱ्यानं दोनशे केले आणि टाळ्या घेतल्या. पुलाचं वय नक्की किती हे सांगणारा एकही कागद कोणाकडे नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी तिथे मिलच नव्हती, मग पूल कोणासाठी बांधला होता, असं मी विचारलं. माझ्या शेजारचा म्हणाला, "बसा हो, चांगलं चाललंय." आमच्या कारखान्यात भाषण करून टॉवेलची लांबी वाढवली तर माल परत येतो. सभेतून काहीच परत येत नाही.

मग माजी नगरसेवक उठले. त्यांचं म्हणणं एका ओळीचं होतं. पूल पाडा आणि चारचाकी जाईल असा नवा बांधा. पुलाच्या दोन्ही तोंडांना बोळ आहेत, त्या बोळांत चारचाकी शिरत नाही, हे त्यांना माहीत होतं, कारण त्यांची स्वतःची गाडी बोळाच्या तोंडाशी उभी होती आणि ते पुढे चालत आले होते.

मग महापालिकेचे अभियंता साहेब. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून केलेल्या तपासणीचा अहवाल वाचून दाखवला. त्यात काँक्रीटला तडे गेलेत, आतली सळई गंजली आहे आणि पूल धोकादायक आहे असं होतं.

मी विचारलं, "साहेब, काँक्रीट कुठंय?"

"म्हणजे?"

"पूल लाकडाचा आहे. त्यात सळई कुठून आली?"

साहेबांनी दोन पानं मागे उलटली, दोन पुढे उलटली. मग शांतपणे म्हणाले, "ते ठरलेल्या नमुन्यात असतं. तुम्ही निष्कर्ष बघा ना. निष्कर्ष धोकादायकच आहे की."

त्या रविवारी मी आणि बायको पुलावर गेलो. कारखान्यात गठ्ठ्यांवर गोणपाट शिवायला जी मोठी दाभण वापरतात, ती मी बरोबर घेतली होती. बायकोनं टेप धरला आणि मी एकेक फळी दाभणीनं टोचत गेलो. चांगल्या सागात दाभण शिरत नाही. सडलेल्यात भाकरीत शिरावी तशी शिरते. दर चार फळ्यांमागे एक सडलेली निघाली, आणि त्यातल्या बहुतेक आमच्याच बाजूच्या, जिथे चहाच्या गाडीचं पाणी रोज पुलावर सांडतं. तुळयांपैकी एकच एका टोकाला खाल्लेली होती. बाकी तुळयांनी माझी दाभण वाकवली.

ओढ्याकाठी बसलेला नगरसेवकांचा एक माणूस ओरडला, "ओ टॉवेलवाले, पोतं शिवताय का पूल?"

बायको म्हणाली, "पोतंच शिवतोय. तोंड बांधायला लागणार आहे एकाचं."

पुढच्या सभेत मी हे सगळं सांगितलं. किती फळ्या बदलायच्या, कोणती तुळई, आणि चहाची गाडी कुठे हलवायची तेही. प्राध्यापकांनी मान हलवली, पण त्यांना 'सडलेल्या' हा शब्द आवडला नाही. ते म्हणाले, जुन्या वास्तूबद्दल असं बोलू नये. नगरसेवकांना 'बदलायच्या' एवढाच शब्द ऐकू आला. ते म्हणाले, "बघा, काका पण बदलायचंच म्हणतायत." मग दोन्हीकडचे लोक एकमेकांवर ओरडू लागले, आणि अभियंता साहेब घड्याळाकडे बघू लागले.

इथे आमच्या प्रभागाची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे ठराव एकमतानंच होतो. लिहिताना 'सर्वानुमते' हा शब्द आधी लिहितात आणि मग पुढे काय लिहायचं ते विचारतात. बहुमताचा ठराव कसा लिहायचा हे बहुधा कोणाला ठाऊकच नाही. त्यामुळे भांडण कितीही रंगलं तरी शेवटी सगळ्यांना चालेल असा एखादा शब्द शोधावा लागतो.

तो शब्द प्राध्यापकांनी दिला. ते रागानं उठून म्हणाले, "पाडू नका हो! या पुलाचा जीर्णोद्धार करा!"

नगरसेवक ताडकन उभे राहिले. "मग मी दुसरं काय म्हणतोय? जीर्णोद्धारच!"

ओरडणारे सगळे खाली बसले. प्राध्यापकांना वाटलं समोरचा नमला, आणि नगरसेवकांनाही तेच वाटलं. साहेबांनी लिहिलं, सर्वानुमते जीर्णोद्धार. हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर गेले. माझाही गेला. सगळे आकडे नीट सांगितले होते, त्यामुळे ते कोणाला तरी पटले असतील अशी माझी समजूत झाली होती. पेढे वाटले. दोन पेढे घेऊन मी पुलावरूनच अक्काकडे गेलो.

अक्का कॉटवर पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत होती. मी म्हणालो, "झालं. पूल राहिला. जीर्णोद्धार ठरला."

तिनं पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. "जीर्णोद्धार? म्हंजी आपल्या मारुतीचा केला तसा?"

मी दुसरा पेढा खिशात ठेवला.

चाळीच्या कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ होतं. काळ्या दगडाचं, बुटकं, आत शिरताना वाकावं लागायचं. त्याचा जीर्णोद्धार झाला, म्हणजे ते पाडलं. आता तिथे काँक्रीटचा मंडप आहे, भिंतींना न्हाणीघराला लावतात तशा फरश्या आहेत, दारात स्टीलचा कठडा आहे आणि देणगीदारांची संगमरवरी यादी मारुतीपेक्षा उंच आहे. आमच्या भागात जीर्णोद्धार म्हणतात तो हाच. दुसऱ्या कुठल्या प्रकारचा जीर्णोद्धार मी कधी बघितलेला नाही. सगळं आयुष्य या गावात काढून मला हे सभेत सुचलं नाही, आणि अक्काला पेढा हातात घेतल्याबरोबर सुचलं.

"येडाच हायस," ती म्हणाली. "आन् हात बी वर केला असशील."

"केला."

"डाक्टर म्हनतो गुडगं बदला. तुमी म्हनता पूल बदला. मी तेवडी ऱ्हायली, माजा बी ठराव करून टाका एकदा."

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी अभियंता साहेबांकडे गेलो. जीर्णोद्धार म्हणजे नक्की काय करणार, असं विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

"जीर्णोद्धार म्हणजे नवीनच की हो. जुनं ठेवायचं तर त्याला दुरुस्ती म्हणतात. दुरुस्तीचा ठराव झालाच नाही."

"प्राध्यापकांना दुरुस्तीच म्हणायची होती."

"मग म्हणायची होती."

मी तिथूनच प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, शब्दकोश पाहा, जीर्णाचा उद्धार, म्हणजे आहे तेच सावरणं. मी फोन साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा "बरोबर आहे सर" म्हणाले आणि फोन मला परत दिला. म्हणाले, "शब्दकोशात बरोबर आहे. पण अंदाजपत्रक शब्दकोशावरून होत नाही."

"मग ठराव बदला."

"एकमताचा ठराव आहे. तो बदलायचा तर आधी मतभेद पाहिजे. तुमचा हात वर होता ना?"

मी फोन खिशात घातला आणि कामावर गेलो. प्राध्यापकांना मात्र आठवडाभरात उत्तर मिळालं. नव्या पुलाला लाकडाचा रंग द्यायचा, जुनी एक तुळई काचेच्या पेटीत ठेवायची आणि माहितीफलकाचा मजकूर त्यांनी लिहायचा, असं त्यांना सांगण्यात आलं. ते समाधान पावले. पुलाचं वय त्या मजकुरात 'शतकानुशतके' असं आहे. त्यामुळे आता कोणाला मोजता येणार नाही.

पुलाच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले, आणि अक्काच्या मुलाचा फोन आला की मी शनिवारी येतो. अक्कानं खरंच पिशवी भरली. चार लुगडी, मेहुण्यांचा फोटो, शेंगदाणे कुटायचा लोखंडी खल. खल कशाला नेतेस, पुण्यात मिक्सर आहे, असं बायको म्हणाली. अक्का म्हणाली, "मिक्सरात चटणी न्हाय हुत, चिखल हुतो." बायकोनं खल लुगड्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला.

तुळया कापायला करवतीचं यंत्र आणलं होतं. 'जीर्ण' तुळयांनी करवतीची पाती मोडली, कामगार पाती बदलत बसले आणि ठेकेदार शिव्या देत बसला. मी काठावर उभा राहून बघत होतो. मला त्या आवाजाचा फार आनंद झाला, तोच मला त्या पुलापासून मिळालेला शेवटचा आनंद. लाकडाचा लिलाव झाला म्हणतात. पुढे नगरसेवकांच्या अंगणात सागवानी झोपाळा आला. तो कुठल्या लाकडाचा हे मी विचारलेलं नाही, कारण माप घेतल्याशिवाय मी बोलत नाही.

शनिवारी भाचा आला. पिशवी दारात होती, रिक्षा सांगितलेली होती. आणि त्याच सकाळी ठेकेदारानं, बोळ टाळून काठाकाठानं आणलेल्या स्वतःच्या ट्रकना पलीकडे जाता यावं म्हणून, ओढ्यात चार सिमेंटचे पाइप टाकून त्यावर मुरमाचा भराव घातला. कोणाला विचारलं नाही, सभा नाही, ठराव नाही. दुपारी आमच्या दारात कोणीतरी चपला झटकत होतं. बघतो तर अक्का. पायांना गुडघ्यापर्यंत लाल धूळ आणि हातात वाटी.

"सपाट हाय," ती म्हणाली. "ट्रकवाला पो पो करत हुता, म्हनलं थांब की मुडद्या, मी काय तुज्या ट्रकाखाली जायला आले व्हय?"

भाचा त्या दिवशीही एकटाच पुण्याला गेला.

नवा पूल झाला तो पुराच्या पातळीचा नियम धरून पुष्कळ उंच झाला. उंच झाला तर दोन्हीकडे चढ हवा, पण चढाला जागा नाही, एका बाजूला शाळेची भिंत आणि दुसऱ्या बाजूला चाळ. म्हणून पायऱ्या केल्या. चारचाकी जाण्यासाठी जुना पूल पाडला, आणि नव्यावरून सायकलसुद्धा जात नाही. काँक्रीटच्या कठड्याला तपकिरी रंग देऊन त्यावर काळ्या रंगानं लाकडाच्या गाठी काढल्या आहेत, सगळ्या गाठी सारख्या आणि सारख्याच अंतरावर. उद्घाटनाला अक्काला पुढे बसवलं होतं, चाळीतली जुनी रहिवासी म्हणून. फीत कापली, सगळे वर चढले. अक्का पहिल्या पायरीपाशी गेली, तिनं एक पाय उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला.

"ही पायरी न्हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ह्यो वटा हाय. हितं बसून भाजी इकता येईल."

आणि ती वळून भरावावरून आमच्याकडे निघून आली. तिच्यामागून चाळीतले निम्मे लोक आले. त्या दिवसापासून पूल फोटो काढायला आणि भराव जायला, अशी आपोआप वाटणी झाली आहे.

हे असंच चाललं असतं, पण भराव साहेबांच्या नजरेत आला. ठेकेदारानं काम संपल्यावर तो काढायला हवा होता. पावसाळ्याच्या आत काढणार, अशी नोटीस लागली. बायकोनं मला सांगितलं की अक्कानं कॉटखालची पिशवी पुन्हा वर घेतली आहे.

भरावाची सभा त्याच शाळेत झाली. मी अक्काला घेऊन गेलो, ती मागच्या बाकावर बसली. प्राध्यापकही आले होते. त्यांची तक्रार अशी की भरावामुळे पुलाचा फोटो खराब येतो. साहेब म्हणाले, पाणी तुंबेल, काढून टाकू. नगरसेवक हुशार माणूस, समोर चाळीतले लोक बघून म्हणाले, काढायचा कशाला, लोकांची सोय आहे, याचाही चांगला जीर्णोद्धार करू, फरशी, कठडा, दिवे, कमान.

साहेबांनी लिहायला घेतलं. "सर्वानुमते..."

"माझा विरोध लिहा," मी म्हणालो.

"कशाला विरोध? काढायला का जीर्णोद्धाराला?"

"दोन्हीला."

"मग तुम्हाला पाहिजे काय?"

"काही नको. आहे तसं राहू द्या. पाइप वाढवायचे असतील तर वाढवा, पण ठराव नको."

"अहो काका, ठराव नाही केला तर सभा कशाला बोलावली?"

"ते मला माहीत नाही. सभा मी बोलावलेली नाही."

मागून आवाज आला, "माजा बी इरोध लिवा." अक्का उभी राहिली होती, बाकाला धरून. मग चाळीतली तीनचार माणसं उठली. एक म्हातारे विणकर उठले आणि तेलुगूतून काहीतरी मोठ्यानं बोलले. ते काय म्हणाले हे साहेबांना कळलं नाही, मलाही कळलं नाही, पण ते एकमत नव्हतं एवढं स्पष्ट होतं.

साहेबांनी 'सर्वानुमते' खोडलं. पुढे काय लिहायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीच सुचवलं नाही. शेवटी त्यांनी 'विषय पुढील सभेत' असं लिहून वही मिटली. पुढची सभा अजून कोणी बोलावलेली नाही.

परत येताना आम्ही भरावावरून आलो. वर रंगवलेला पूल होता आणि त्यावर दोन मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या. मी अक्काला खरं ते सांगितलं. पाइपांची तोंडं मी मोजली आहेत, ती लहान आहेत. ओढ्याला मोठं पाणी आलं तर ते पाइपांत मावणार नाही, वरून जाईल आणि मुरूम घेऊन जाईल.

अक्का थांबली, काठी मुरमात रोवून तिनं दाबून बघितली.

"मंग त्या दिशी जेवायला न्हाय यायची," ती म्हणाली. "एक दिस तसंच झोपीन. पानी उतरलं की तूच दोन पाट्या मुरूम टाक की हितं. आन् सभंला जाऊ नको."